तीनशे सहासष्ट तारखांचे ठोंबरे काका

ठोंबरे काकांना आपली जन्मतारीख चुकूनही सांगू नये. मी सांगितली आणि गेली चौदा वर्षं निस्तरतो आहे.

अंबरनाथच्या आमच्या बिल्डिंगमध्ये आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. जिन्यात एक गृहस्थ भेटले. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं आणि एक छोटी टॉर्च. माझ्या बायकोने त्यांच्यापुढे पेढ्यांचा बॉक्स धरला आणि म्हणाली, "आज ह्यांचा वाढदिवस." गृहस्थांनी पेढा उचलला, मनगटावरच्या घड्याळातली तारीख पाहिली आणि त्यांचा चेहरा एकदम फुलला.

"बारा जुलै! वा! पानशेत!"

मला वाटलं, हे मला पिकनिकला जा म्हणतायत. पण ते पुढे बोलत होते. "एकसष्ट साल. धरण फुटलं. पुण्याचा नदीकाठ सगळा पाण्याखाली. फार मोठी तारीख मिळाली आहे तुम्हाला." पेढा तोंडात टाकून ते आपल्या घरी न जाता तरातरा गच्चीवर गेले. वीस मिनिटांनी उतरले तेव्हा पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली होती. आमच्या दारात उभे राहून म्हणाले, "टाकी बघितली. एका कोपऱ्यात बारीक चीर आहे. घाबरण्यासारखं काही नाही, पण बुजवून घेऊ. वाढदिवसाच्या शुभेच्छा."

तेव्हापासून दर बारा जुलैला सकाळी सातला बेल वाजते. काका दारात उभे असतात. "टाकी ठीक आहे. अनेक आशीर्वाद." लोकांना केक मिळतो, मला टाकीचा रिपोर्ट मिळतो.

मधुकर ठोंबरे आनंदनगरच्या एमआयडीसीतून सेफ्टी ऑफिसर म्हणून रिटायर झाले. म्हणजे कंपनीने केलं. त्यांनी स्वतः अजून चार्ज सोडलेला नाही. त्यांच्याकडे जाड बांधणीची एक वही आहे. वर्षाच्या प्रत्येक तारखेला तीत एक पान, आणि त्या पानावर त्या तारखेला जगात कुठेकुठे काय काय कोसळलं, बुडालं, जळलं, फुटलं, ते सुवाच्य अक्षरात लिहिलेलं. लीप वर्षाची एकोणतीस फेब्रुवारीसुद्धा सुटलेली नाही. तिथे मोरोक्कोतल्या आगादीरचा भूकंप आहे.

आता कुणी म्हणेल, हा काय छंद झाला? आमच्या बिल्डिंगमधले सगळे सुरुवातीला तेच म्हणत. साखरपुड्याची तारीख ठरली की लोक ती काकांपासून लपवत. काकांचं पाऊल जिन्यात वाजलं की बायका विषय बदलून भाज्यांवर येत. पण तारीख काकांना कळतेच. आणि कळली की ते हळहळत नाहीत, भविष्यही सांगत नाहीत. ते काम सांगतात. वहीतल्या प्रत्येक नोंदीसमोर समासात त्यांनी एक काम लिहिलेलं आहे, आणि ते त्या दिवशी झालंच पाहिजे असा त्यांचा दंडक आहे.

सव्वीस जानेवारीला आमच्याकडे झेंडावंदन होतं. राष्ट्रगीत संपतं, टाळ्या होतात, पोरं जिलेबीकडे धावतात, आणि काका हात वर करून म्हणतात, "भूज! जिलेबी खा, पण घरी जाऊन पलंगावरच्या माळ्यावर काय काय ठेवलंय ते बघा." एका वर्षी त्यांनी स्वतः घरोघर फिरून पलंगांच्या डोक्यावरून सतरा जड वस्तू खाली उतरवल्या. त्यात माझ्या सासूबाईंचा पितळी हंडा होता. सासूबाई अजून काकांशी बोलत नाहीत.

तीस सप्टेंबरला किल्लारी. त्या दिवशी ते घराच्या भिंतींवर बोटांनी टकटक करत फिरतात. सव्वीस जुलैला काहीच सांगावं लागत नाही, बदलापूरपासून उल्हासनगरपर्यंत त्या पुराची ज्याची त्याची आठवण ज्याच्या त्याच्याकडे आहे. पण काका त्या दिवशी खालच्या मजल्यावरच्यांची गॅसची सिलेंडरं आणि कागदपत्रं वर चढवायला लावतात. डिसेंबरच्या दोन तारखेला रात्री भोपाळ. त्या दिवशी सगळ्यांनी ओला रुमाल तोंडावर धरून वारा कुठून येतोय ते बघायचं. आमच्याकडे वाऱ्याला कुठल्या ना कुठल्या कारखान्याचा वास असतोच, त्यामुळे दिशा पटकन कळते.

तीस जुलै ही त्यांची सर्वांत अवघड तारीख. तिथे माळीणचा डोंगर होता. बरोबर दहा वर्षांनी, त्याच तारखेला, वायनाडचा डोंगर खाली आला. त्या सकाळी टीव्हीवर बातम्या चालू असताना मी त्यांच्या घरी होतो. काकांनी वही उघडली, माळीणच्या ओळीखाली दुसरी ओळ लिहिली, आणि कितीतरी वेळ टोपण न लावता पेन तसंच हातात धरून बसले. मग उठले, रिक्षा करून वांगणीच्या बाजूला डोंगराखालच्या पाड्यांवर गेले आणि घरामागची माती कुठे सरकलीय का ते लोकांबरोबर बघत दिवसभर फिरले. मला त्या दिवशी ते पहिल्यांदा फार मोठे वाटले.

"काका, तारखेतच काहीतरी असतं का हो?" मी एकदा विचारलं होतं.

"छे!" काका चिडले. "तारीख कधी वाईट नसते. कडी वाईट असते. तीन पैकी दोन वेळा माणसं आगीनं नाही, दाराच्या कडीनं मेलीयत. तारीख फक्त आठवण करून देते."

'तारीख वाईट नसते, कडी वाईट असते' हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की माझा मुलगासुद्धा इतिहासाचं पुस्तक मिटताना तेच म्हणतो.

आता माझा धंदा सांगतो, म्हणजे माझं आणि त्यांचं कसं वाजलं ते कळेल. मी मंडपवाला आहे. उल्हासनगरला चार नंबर कॅम्पात माझं गोडाऊन आहे. बांबू, कनाती, गालिचे, सॅटिनचे पडदे, झालरी, खुर्च्या. म्हणजे बघा, मी शुभ तारखांवर जगणारा माणूस आणि हे गृहस्थ अशुभ तारखांचे मुखत्यार. आमची खरी गाठ पडली ती एका तेवीस डिसेंबरला.

त्या सकाळी काकांनी मला गाठलं. "आज तुमचा मंडप कुठे आहे?" मी ऐटीत सांगितलं. उल्हासनगरला लछमनसेठच्या नातवाचा पहिला वाढदिवस होता. कापडाच्या व्यापारातला मोठा सिंधी असामी, पाचशे पान. काका "बरं" म्हणाले आणि निघून गेले. दुपारी मी साइटवर पोचलो तर काका तिथे हजर, कनातीला हात लावून बघतायत.

"ही सिंथेटिक आहे."

"सॅटिन आहे, काका."

"तेच ते. बाहेर जायला वाटा किती?"

"एक. समोरची. फुलांची कमान आहे, बघा ना."

"मागे?"

"मागे कनात. कनातीपलीकडे आचारी."

काकांनी मला बाजूला नेलं आणि हलक्या आवाजात डबवालीचं सांगितलं. हरियाणातलं छोटं शहर, शाळेचं गॅदरिंग, मुलं आणि आईबाप मांडवात बसलेले, वरून कापडाने पेट घेतला आणि बाहेर पडायला वाट एकच. तारीख हीच. ते सांगून झाल्यावर त्यांनी एक प्लॅस्टिकची खुर्ची ओढली आणि माझ्या फुलांच्या कमानीखाली मधोमध बसले. "दुसरी वाट होईपर्यंत मी इथेच आहे."

तेवढ्यात लछमनसेठ आले. "अरे साईं, ये बुजुर्ग कौन है? दूल्हे के जैसा बीच में काहे को बैठा है?"

मी सांगितलं. सेठनी कपाळाला हात लावला. "बच्चे का बर्थडे है और ये मय्यत की बात करता है! हटाओ यार!"

काका बसल्या जागेवरून म्हणाले, "सेठजी, आपका पोता आज किधर बैठेगा?"

"स्टेज पे."

"स्टेज से गेट तक चलके दिखाओ. मैं गिनता हूँ."

सेठ का कोण जाणे, चालले. काका मोठ्याने सेकंद मोजत होते. मध्ये खुर्च्या, टेबलं, गिफ्टचे खोके. सेठ अडखळत कमानीपाशी पोचले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं. मग ते माझ्याकडे वळून ओरडले, "पीछे से फाड़ो! अभी के अभी!"

मी माझी नवी कोरी कनात स्वतःच्या हाताने कापली. आत येणाऱ्या पाहुण्यांना मागचे आचारी बनियनमध्ये पुऱ्या तळताना दिसत राहिले. माझी शोभा झाली. मी पंधरा दिवस काकांशी बोललो नाही.

दोन वर्षांनी, उल्हासनगरातच एका हळदीच्या कार्यक्रमात, हॅलोजनच्या दिव्याला पडदा लागला. बघता बघता स्टेजमागची सगळी झालर पेटली. पण तोपर्यंत मागची वाट ठेवायची मला सवय लागली होती. म्हणजे खरं तर सवय नव्हे, काका येऊन कमानीत बसतील याचा धाक होता. सगळी माणसं दोन्हीकडून बाहेर आली. एका आजींची चप्पल सोडली तर कुणाचं काही गेलं नाही. मी तसाच काकांच्या घरी गेलो आणि त्यांना वाकून नमस्कार केला. म्हटलं, "काका, आजची तारीख वहीत लिहा."

"काय लिहू?" काका म्हणाले. "काही झालं नाही म्हणून? त्याची नोंद कुणी ठेवत नाही."

आता सिंधी गिऱ्हाइकं स्वतःहून मागतात. "काकावाला गेट भी लगाना, साईं." काहींना तर त्यावरही फुलं हवी असतात.

हे सगळं चालू असताना शालिनी काकू काय करत, असं तुम्ही विचाराल. त्या चहा करत. काकांचा रुमाल, टॉर्च, वही जागच्या जागी ठेवत. आणि कधी कुणाकडे काही मागत नसत. म्हणून यंदा जानेवारीत त्या आमच्या घरी येऊन खुर्चीच्या काठावर बसल्या आणि "एक काम होतं रे" म्हणाल्या, तेव्हा मी लॅपटॉप मिटून सरळ बसलो.

"पुढच्या महिन्यात आमच्या लग्नाला चाळीस वर्षं होतात. मला एक मांडव हवाय. मोठा नको. वीस पानांची पंगत बसेल एवढा. आपल्या कंपाउंडातच."

"मस्त! काका काय म्हणतायत?"

"ते नाहीच म्हणतात. दर वर्षी म्हणतात. 'ती तारीख भरलेली आहे.'"

ती तारीख मी इथे लिहीत नाही. ज्यांची आहे त्यांच्याकडे राहू दे.

काकू सांगत राहिल्या. लग्न सकाळी लागलं. संध्याकाळी मोठी पंगत होती. पानं मांडून झाली होती, मीठ-लिंबूसुद्धा वाढून झालं होतं. तेवढ्यात कंपनीतून माणूस आला. काका लग्नाच्या कपड्यांतच उठून त्याच्याबरोबर गेले ते दुसऱ्या दिवशी परतले. ती पंगत बसलीच नाही. आणि तेव्हापासून त्या तारखेला काका सकाळीच घराबाहेर पडतात आणि दिवेलागणीला येतात. काकू म्हणतात, मलाही न्या. नेत नाहीत.

"काय झालं होतं, काकू?"

"ते त्यांच्याच तोंडून ऐक. पण मला सांग, सगळ्या गावाला सांगत फिरतात ना, तारीख वाईट नसते म्हणून? मग माझीच का वाईट?" त्यांचा आवाज चढला नव्हता, पण मला मान वर करवेना. "मला साडी नको, दागिना नको. त्या एका दिवशी त्यांच्या शेजारी बसायचंय. चाळीस वर्षांत एकदाही बसले नाही."

मी मांडवाचं वचन दिलं. मग काकांच्या नकळत काकूंनी मला वही दाखवली. त्या तारखेचं पान बाकी सगळ्या पानांहून गच्च भरलेलं होतं. कुठली नाव उलटली, कुठली खाण बसली, कुठल्या देशात कुठला पूल पडला. समासातही जागा उरली नव्हती, म्हणून कागद जोडून चिकटवले होते. फक्त काम लिहिलेलं नव्हतं.

तर मी मंडपवाला. मला एकच औषध येतं. आदल्या संध्याकाळी कंपाउंडात मी गोडाऊनमधली उत्तमातली उत्तम कनात लावली, सुती. दोन वाटा ठेवल्या. मला वाटलं, मांडव डोळ्यांनी बघितला की माणूस विरघळतो. आतापर्यंत सगळे विरघळले आहेत.

सकाळी साडेसातला काका पिशवी घेऊन खाली आले. मांडव पाहिला. मागची वाट बघून आले. बांबूचा सुंभ ओढून पाहिला. "छान बांधलाय. कुणाचं कार्य?"

"तुमचं."

काकांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मग गेटमधून बाहेर पडले. वर गॅलरीत काकू उभ्या होत्या, नारिंगी पैठणी नेसून. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं आणि टेंपो काढला.

रस्त्यात त्यांना गाठलं. "बसा काका. सोडतो. कुठे जायचं ते सांगा."

"चामटोली," ते म्हणाले.

बदलापूर मागे पडलं. मग काका समोर रस्त्याकडे बघत बोलायला लागले. तेव्हा ते अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत पहिल्या पाळीचे सुपरवायझर होते. शेडच्या मागच्या दाराला लागून लोक रिकामे ड्रम रचत. काका रोज पाळी सुरू व्हायच्या आधी ते स्वतः हलवायला लावत. लग्नाच्या दिवशी त्यांच्या जागी बबन उभा राहिला. चामटोलीचा, त्यांचा जिवाभावाचा मित्र. "तू बिनधास्त बोहल्यावर चढ, पाळी मी बघतो," म्हणाला होता. त्या दिवशी ड्रम हलवायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. दुपारी आग लागली. बाकीचे पुढून निघाले. बबन सगळ्यांना बाहेर काढेपर्यंत पुढची वाट पेटली, म्हणून तो मागे वळला आणि ड्रमांनी अडलेल्या मागच्या दाराशी सापडला.

"एकच माणूस," काका म्हणाले. "पेपरात चार ओळी आल्या, त्यात नावही चुकलेलं. एका माणसाची दुर्घटना होत नाही रे. तिचा स्मृतिदिन कुणी पाळत नाही. मला सहन होईना. मी लायब्ररीत जाऊन बसायला लागलो. म्हटलं, याच तारखेला जगात आणखी कुणाचं काही झालं असेल. कुठेतरी आणखी कुणी आज बसून असेल. ते शोधता शोधता बाकीच्या तारखा सापडत गेल्या."

म्हणजे तीनशे पासष्ट पानं वाटेत भरली होती. मला टेंपो चालवणं अवघड झालं.

"मग काकूंना का नाही नेत?"

"तिथे बबनची बायको आहे," काका म्हणाले. "तिच्यापुढे जोडीने कसा उभा राहू?"

चामटोलीत एका कौलारू घरापुढे त्यांनी टेंपो थांबवायला सांगितला. शेजारी काकडीचा मांडव होता. साठीची एक काटक बाई अंगणात वाल सोलत बसली होती. हीच चंद्राबाई. काकांना बघून ती हसली. "आला इन्स्पेक्टर."

काका पायातल्या वहाणा काढून थेट आत गेले आणि कामाला लागले. गॅसची नळी वाकवून पाहिली. मीटरखालची वायर, विहिरीवरचं झाकण, पंपाचा स्टार्टर, दाराच्या कड्या. पिशवीतून नवी नळी काढून बसवली. हे काम वहीत लिहिलेलं नव्हतं, पण ते चाळीस वर्षं चुकलेलं नव्हतं. चंद्राबाई मला म्हणाली, "दर वरसाला नवी नली. जुनी फेकून देतय. पोरगा बोलतो, आये, आपल्या घराला आग लागाची नाय, आग घाबरते काकाला." तिचा मुलगा आनंदनगरला कामाला होता, पाळीवर गेला होता.

काका विहिरीपाशी वाकलेले, पाठीला घाम. तिकडे मांडवात काकू बसलेल्या. आणि मी दोघांच्या मध्ये मूर्खासारखा वाल सोलत. मला राहवलं नाही. मी भसकन बोलून गेलो, "मावशी, आज यांच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली. काकू घरी एकट्या आहेत."

काका वळले. मला वाटलं, आता हे मला विहिरीत ढकलतात. पण ते माझ्याकडे बघतच नव्हते. ते चंद्राबाईकडे बघत होते, शाळेत चोरी पकडली गेल्यासारखे.

चंद्राबाईने वालाचं सूप खाली ठेवलं.

"माला ठाव नाय का?" ती म्हणाली. "आमाला सांजच्या जेवनाचं आवतान व्हतं. बबन बोलला, पाली सुटली का दोघा जाव. मी हिरवं लुगरं काढून ठेवलं व्हतं."

काका खालीच बसले, विहिरीच्या कट्ट्यावर. "वहिनी, तुम्ही कधी बोलला नाहीत."

"तुमी कवा बोललाव? तुमी येताव, नली बगताव, जाताव. मी म्हनलं, मानसाला बोलाला सुधरत नाय, येऊ दे. पन बायको कवा आनली नाय. मी काय खानार व्हती तिला?"

मी त्यांना असं पहिल्यांदाच बघत होतो. कुठल्याही तारखेला काय करायचं ते माहीत असलेला माणूस, आणि त्याला हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं.

चंद्राबाई पदराला हात पुसत उठली. "आवतान अजून हाय का मोरलं?"

"आहे," मीच म्हणालो. "वीस पानांची पंगत आहे."

ती आत गेली. बाहेर आली तेव्हा धुतलेलं पातळ नेसली होती आणि हातात पिशवीभर काकड्या होत्या. दाराला कुलूप लावून ती टेंपोच्या पुढच्या सीटवर खिडकीपाशी बसली. "तुमी मागं बसा," तिने काकांना सांगितलं. पुढे जागा होती, पण काका मुकाट्याने मागे गालिच्यांच्या गुंडाळ्यांवर जाऊन बसले. आरशात मला ते दिसत होते. अंबरनाथ येईपर्यंत त्यांनी डोळ्यांवरचा रुमाल काढला नाही.

आम्ही पोचलो तेव्हा दीड वाजला होता. मांडवात बिल्डिंगची माणसं अवघडून बसली होती. जेवायला सुरुवात करावी की नाही हे कुणाला कळत नव्हतं. काकू कोपऱ्यात एका खुर्चीवर होत्या. पैठणी तशीच, पण गजरा काढून मांडीवर ठेवलेला. टेंपोतून उतरणाऱ्या बाईला त्यांनी पाहिलं. कधी भेट झालेली नव्हती, तरी कोण ते त्यांना सांगावं लागलं नाही. त्या उठून चालत आल्या.

चंद्राबाई म्हणाली, "उशीर जाला."

काकू म्हणाल्या, "नाही हो. पानं वाढायचीच आहेत."

दोघी एकमेकींचे हात धरून उभ्या राहिल्या. मी तोंड फिरवून आचाऱ्याला उगाचच ओरडलो की वरण गरम कर.

पंगत बसली. काकूंच्या डाव्या बाजूला चंद्राबाई बसली. उजवीकडचं पान मोकळं होतं. काका वाढायला लागले होते. मीठ वाढलं, लिंबू वाढलं, पाण्याचा जग घेऊन दोन फेऱ्या मारल्या. तिसऱ्या फेरीला चंद्राबाईने त्यांच्या हातातला जग काढून घेतला आणि माझ्याकडे दिला.

"बसा आता," ती म्हणाली. "जोडीनं बसा. माला बगाचंय."

काका काकूंच्या शेजारी बसले.